बॉर्दो मद्य, परिपक्व तांबडे : परीक्षण

बॉर्दो मद्य, परिपक्व तांबडे : फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील बॉर्दो शहराच्या परिसरात पिकणाऱ्या काळ्या द्राक्षांपासून तयार केलेले आणि बाटलीत अनेक वर्षे मुरलेले द्राक्षमद्य (वाइन). डोळा, नाक व जिव्हा यांच्या साहाय्याने अशा मद्याची प्रत आणि अवस्था कशी ठरविली जाते, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. मद्य जितके जुने तितके चांगले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ती बरोबर नाही. जगात तयार होणारी बहुतेक द्राक्षमद्ये थोड्या वर्षांतच पिण्यासाठी केलेली असतात व बॉर्दो प्रदेशातील बहुसंख्य मद्येही त्यास अपवाद नाहीत. त्यांपैकी थोडीच वीस, तीस किंवा त्याहून अधिक वर्षांनी सुधारलेली आढळतात. काळ प्रत्येक मद्यातून काही काढून घेतो व काही मद्यांना त्याच्या मोबदल्यात नवे गुण देतो. या देण्याघेण्याचा हिशेब करणे हे परीक्षकाचे मुख्य काम होय. तो करण्याची संधी एका बाटलीबाबत एकदाच मिळते. कारण उघडलेले जुने मद्य पुन्हा पूर्वस्थितीस आणता येत नाही.

प्रदेश व द्राक्षे : गारॉन व दॉर्दोन्य या नद्यांच्या संगमापासून जिराँद ही खाडी सुरू होते व ती अटलांटिक महासागरास मिळते. या जलमार्गाच्या डाव्या बाजूस असलेल्या मेदॉक व ग्राव या उपप्रदेशांत वाळू व गोटे यांची जमीन असून तीतून पाण्याचा निचरा लवकर होतो. तेथे काबर्ने सोव्हिन्याँ या उशिरा पिकणाऱ्या जातीस प्राधान्य दिले जाते. उजव्या बाजूच्या सँतेमिल्याँ व पॉमरॉल या भागांत चिकणमाती व चुनखडी यांचे प्रमाण अधिक असल्याने तेथे मर्लो व काबर्ने फ्राँ या जाती अधिक लावतात. बॉर्दोचे तांबडे मद्य बहुधा एकाहून अधिक जातींच्या मिश्रणाचे असते. काबर्ने सोव्हिन्याँचे मणी लहान व जाड सालीचे असून गराच्या मानाने त्यांत साल व बिया यांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे तिच्या मद्यात रंगद्रव्ये व टॅनीन (तुरट द्रव्ये) विपुल असतात आणि मद्य दीर्घकाळ टिकते. मर्लोमुळे मद्यास भरीवपणा व मृदुता येते व ते तुलनेने लवकर पिण्यायोग्य होते.

या प्रदेशाचे हवामान सागरी असल्याने फुलोऱ्याच्या व तोडणीच्या वेळचा पाऊस वर्षावर्षांत फार बदलतो. म्हणून बाटलीवरील हंगामाचे वर्ष महत्त्वाचे ठरते. उदा., १९४५ व १९६१ या वर्षी वसंतातील कडाक्याच्या थंडीमुळे पीक अत्यल्प आले, परंतु उरलेल्या द्राक्षांपासून गडद व दीर्घायुषी मद्ये तयार झाली. १९८२ चे पीक मात्र भरपूर व चांगले पिकलेले होते. दमट हवेमुळे येथील वेलींवर केवडा रोग (तंतुभुरी) पडतो. त्यावर मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाचा उपाय पीएर मारी आलेक्सी मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. नासिक, सांगली इ. जिल्ह्यांतील द्राक्षबागाईतदारांना या प्रदेशाचे नाव ‘बोर्डो मिश्रण’ या रूपाने परिचित आहे, ते यामुळेच.

जुनविण्याची प्रथा : ११५२ मध्ये आक्वितेनची एलेओनोर हिचा विवाह पुढे इंग्लंडच्या गादीवर आलेल्या दुसऱ्या हेन्रीशी झाला व १४५३ पर्यंत हा प्रदेश इंग्रजी राजसत्तेशी निगडित राहिला. या काळात बॉर्दोहून इंग्लंडला मोठ्या प्रमाणावर मद्य जात असे. पण ते पिंपात भरलेले व वर्षाच्या आत संपविण्याचे असे. पिंपातील रिकाम्या जागेत हवा शिरून ते आंबे व नवे पीक येताच जुन्याचा भाव उतरे. विशिष्ट मळ्याचे नाव घेऊन मद्य ओळखण्याची प्रथा सतराव्या शतकात रूढ होऊ लागली. लंडनचे दैनंदिनीकार सॅम्युएल पेपिस यांनी १६६३ मध्ये ओ-ब्रियाँ या मळ्याच्या मद्याची विशेष नोंद केली आहे. अठराव्या शतकात आडवी ठेवता येईल अशी सरळ, नळकांड्याच्या आकाराची बाटली व तीत घट्ट बसणारे बूच यांचा प्रसार झाला आणि मद्य हवेपासून दूर ठेवून वर्षानुवर्षे मुरविणे शक्य झाले. जुन्या मद्याची आवड ही अशा रीतीने बाटली व बूच यांनी निर्माण केलेली आवड आहे.

१८५५ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनानिमित्त बॉर्दोच्या दलालांनी मेदॉकमधील मळ्यांची दीर्घकालीन बाजारभावांवरून पाच श्रेणींत प्रतवारी केली. ग्राव भागातील ओ-ब्रियाँ हा तीत समाविष्ट केलेला बाहेरचा एकमेव तांबड्या मद्याचा मळा होय. पहिल्या श्रेणीत लाफीत, लातूर, मार्गो व ओ-ब्रियाँ हे चार मळे होते. १९७३ मध्ये मूताँचा त्यांत समावेश झाला. मळ्यातच मद्य बाटलीत भरण्याचा आग्रह मूताँचे मालक फिलिप द रॉत्शिल्ड यांनी १९२४ पासून धरला. तोपर्यंत बहुतेक मद्य व्यापाऱ्यांच्या किंवा आयात करणाऱ्या देशांतील तळघरांत बाटल्यांत भरले जाई. त्यामुळे त्या काळातील एकाच मळ्याच्या व एकाच वर्षाच्या दोन बाटल्यांतही बराच फरक आढळतो.

मुरण्याची क्रिया : किण्वन चालू असताना द्राक्षांच्या साली व बिया यांतून टॅनीन व अँथोसायनीन ही द्रव्ये रसात उतरतात. त्यानंतर चांगल्या प्रतीचे मद्य सामान्यतः १२ ते २० महिने ओक लाकडाच्या २२५ लि. मापाच्या पिंपांत ठेवतात. ते अधूनमधून एका पिंपातून दुसऱ्यात निथळून घेतात आणि शेवटी बाटलीत भरतात. नव्या मद्याचा जांभळट रंग सुट्या अँथोसायनिनांमुळे असतो. ही द्रव्ये पहिल्या काही वर्षांतच टॅनिनांशी संयोग पावतात व नारिंगी छटेकडे झुकणारी, अधिक स्थिर रंगद्रव्ये बनतात. टॅनिनांचे रेणू एकमेकांस जोडले जाऊन लांब साखळ्या तयार होतात, तर काही साखळ्या मद्यातील अम्लामुळे तुटतातही. ज्या साखळ्या विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाहीत, त्या रंगद्रव्यांसह तळाशी बसतात. हाच जुन्या बाटलीतील साका होय. या सर्व घडामोडींचा परिणाम म्हणून रंग फिका होतो व तुरटपणा सौम्य बनतो.

मद्याच्या परिपक्वतेत ऑक्सिजनाचा वाटा असतो, हे लूई पाश्चर यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्राक्षमद्यांवरील ग्रंथात दाखविले. पिंपातील अवस्थेबाबत ते खरे आहे. बाटलीतील परिपक्वन मात्र जवळजवळ हवेविना होते, हे बॉर्दो येथील रसायनशास्त्रज्ञ झां रिबेरो-गायाँ यांच्या संशोधनातून स्पष्ट झाले. चांगल्या बुचातून वर्षाकाठी आत जाणारा ऑक्सिजन अत्यल्प असतो. या अवस्थेत अम्ले व अल्कोहॉले यांपासून सावकाश एस्टरे बनतात, फळांचा मूळ गंध ओसरतो व डायमिथिल सल्फाइडासारखी, गंधकयुक्त परंतु अल्प प्रमाणात सुखद वाटणारी द्रव्ये तयार होतात.

या काळात मद्यातील सर्व घटक सारख्या प्रमाणात बदलत नाहीत, ही गोष्ट परीक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अल्कोहॉल व स्थिर अम्ले यांचे प्रमाण जवळजवळ कायम राहते. फळांचा गंध, रंग व टॅनीन मात्र घटत जातात. फळ व टॅनीन यांची घट बरोबरीने झाली, तर मद्य सुसंवादी राहते. टॅनीन मृदू होण्यापूर्वीच फळ संपले, तर मद्य कोरडे व कठोर होते. १९७५ च्या हंगामातील बऱ्याच बॉर्दो मद्यांबाबत असे घडले. तेव्हा तरुणपणी अतिशय तुरट असलेले मद्य कालांतराने उत्तम होईलच असे नाही. प्रारंभी जो समतोल नसतो, तो केवळ काळामुळे येत नाही.

साठवण : रासायनिक विक्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो. म्हणून जुनविण्याच्या बाटल्या १२° ते १४° से. तापमानाच्या, अंधाऱ्या व काहीशा दमट तळघरात ठेवतात. बूच ओले राहावे, यासाठी त्या आडव्या ठेवण्याचा प्रघात आहे. उष्ण जागी मद्य केवळ लवकर मुरते असे नव्हे, तर त्यात वेगळ्या विक्रिया घडून त्यास शिजविलेल्या फळांचा वास येतो. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात साध्या कपाटात ठेवलेली बाटली म्हणूनच वयाने लहान असूनही जीर्ण झालेली आढळू शकते. बूच आक्रसल्याने मद्याची पातळी खाली जाते. चाळीस वर्षांच्या बाटलीत ती मानेच्या तळाशी असणे स्वाभाविक आहे. परंतु ती खांद्याच्या मध्याखाली गेली असल्यास आत हवा शिरल्याचा संशय घ्यावा लागतो.

परीक्षणाची पूर्वतयारी : साका तळाशी बसावा, म्हणून बाटली एक-दोन दिवस उभी ठेवतात. जुने बूच ठिसूळ झालेले असते. ते काढण्यासाठी मळसूत्राऐवजी बुचाच्या दोन्ही बाजूंनी आत सरकणाऱ्या दोन पात्यांचे साधन अधिक उपयुक्त ठरते. नंतर बाटलीच्या मानेखाली मेणबत्ती किंवा दिवा ठेवून मद्य एका संथ धारेने काचेच्या सुरईत निथळतात आणि साक्याची रेघ खांद्याशी दिसू लागताच ओतणे थांबवितात. निथळण्याची वेळ हा मतभेदाचा विषय आहे. बॉर्दो विद्यापीठातील मद्यशास्त्रज्ञ एमील पेनो (१९१२–२००४) यांच्या मते, साका असेल तरच मद्य निथळावे व तेही पिण्याच्या अगदी आधी. कारण हवेशी लांबलेल्या संपर्काने नाजूक गंध विरून जातो. तरुण मद्याबाबत दुमत संभवते, पण तीस-चाळीस वर्षांच्या मद्याबाबत हा सल्ला सर्वसाधारणपणे पाळला जातो.

मद्याचे तापमान १६° ते १८° से. असावे. याहून थंड मद्यात तुरटपणा बोचरा वाटतो, तर २०° से.च्या वर अल्कोहॉलाची वाफ इतर गंध झाकून टाकते. मद्य ‘खोलीच्या तापमानास’ द्यावे, हा जुना संकेत युरोपातील थंड घरांच्या संदर्भात निर्माण झालेला असल्याने भारतात तो शब्दशः लागू पडत नाही. पेला रंगहीन, पातळ काचेचा, तळाशी रुंद व तोंडाशी निमुळता असावा. आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेने १९७७ मध्ये प्रमाणित केलेल्या परीक्षणपेल्याची एकूण धारणशक्ती सु. २१५ मिलि. असून त्यात ५० मिलि. मद्य घेतात. वर उरलेल्या जागेत गंध साठून राहतो.

रंग व रूप : पांढऱ्या कापडावर पेला तिरपा धरून मद्याचा मध्यभाग व कड पाहतात. तरुण मद्याची कड जांभळट असते. सु. दहा वर्षांनी रंग माणकासारखा होतो, वीस-तीस वर्षांत कडेस विटकरी छटा येते व अतिशय जुन्या मद्याचा रंग कांद्याच्या सालीसारखा किंवा पिंगट दिसतो. वयापेक्षा रंग जास्त उतरलेला असेल, तर साठवण सदोष होती असा तर्क करता येतो. उलट, फार जुन्या म्हणून दिलेल्या मद्याची कड जांभळट असेल, तर त्याच्या अस्सलपणाविषयी शंका उत्पन्न होते. मद्य निवळ व चमकदार असावे. साक्याने गढूळलेले मद्य जिभेस कडवट व भुकटीसारखे लागते. पेला फिरविल्यावर त्याच्या आतील बाजूने उतरणारे ओघळ उत्कृष्टतेचे चिन्ह मानले जातात. वस्तुतः ते अल्कोहॉलाच्या बाष्पीभवनाने पृष्ठताणात पडणाऱ्या फरकामुळे निर्माण होतात व मद्याच्या प्रतीशी त्यांचा संबंध नाही.

गंध : प्रथम पेला न हलविता व नंतर तो गोलाकार फिरवून वास घेतात. दीर्घकाळ बंद असलेल्या बाटलीचा पहिला वास कोंदट असू शकतो; तो काही मिनिटांत गेल्यास दोष मानीत नाहीत. गंधांचे तीन गट करतात : (१) द्राक्षापासून आलेले, (२) किण्वन व पिंप यांपासून आलेले आणि (३) बाटलीत निर्माण झालेले. तरुण काबर्ने सोव्हिन्याँ मद्यात काळ्या करंट फळांचा गंध ठळक असतो. द्राक्षे अपुरी पिकली असल्यास मिथॉक्सिपायराझीन गटातील द्रव्यांमुळे हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास येतो. ओकच्या लाकडातून व्हॅनिला व लवंग यांसारखे वास येतात. लवंगेतील यूजेनॉल हे द्रव्य ओकमध्येही असते. परिपक्व मद्यात हे सर्व मागे पडून देवदाराचे लाकूड, सुकी तंबाखू, कमावलेले चामडे, अळंबी व जंगलातील ओला पालापाचोळा यांची आठवण करून देणारा संमिश्र गंध येतो. फ्रेंच भाषेत त्यास ‘बुके’ म्हणतात. उत्तम मद्यात या गंधाखाली फळाचा अंश अद्याप जाणवतो. तो पूर्णपणे नाहीसा होऊन केवळ पालापाचोळा उरला असेल, तर मद्याचा काळ सरला असे समजावे.

गंधांना नावे देण्याचा हेतू अलंकारिक वर्णन करणे हा नसून दोन परीक्षकांना एकच संवेदना ओळखता यावी, हा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधिका ॲन नोबल व त्यांचे सहकारी यांनी १९८४ मध्ये यासाठी गंधचक्र प्रसिद्ध केले. त्यातील प्रत्येक शब्दासाठी प्रत्यक्ष वास घेता येईल असा नमुना तयार करता येतो. काळे करंट न पाहिलेल्या मराठी भाषक परीक्षकाने करवंद किंवा जांभूळ यांचा आधार घेतल्यास ते गैर नाही. मात्र तो शब्द त्याने प्रत्येक वेळी त्याच संवेदनेसाठी वापरला पाहिजे.

रुची व स्पर्श : सहा ते दहा मिलि.चा घोट घेऊन तो तोंडात सर्वत्र फिरवितात व ओठांतून थोडी हवा आत ओढतात. त्यामुळे गंधद्रव्ये घशामागून नाकात पोहोचतात. ज्यास आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग अशा रीतीने नाकाला कळणारा गंधच असतो. नंतर परीक्षक घोट थुंकतो. अनेक नमुने तपासताना निर्णयशक्ती शाबूत राहावी हा यामागील हेतू आहे. शिवाय अल्कोहॉलाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णपणे निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

तुरटपणा आयुर्वेदात कषाय या नावाने सहा रसांपैकी एक मानला आहे. आधुनिक शरीरक्रियाविज्ञानानुसार तो मुख्यतः स्पर्शाचा प्रकार आहे : टॅनीन लाळेतील प्रथिनांशी संयोग पावते, लाळेचा निसरडेपणा जातो व तोंडाचे अस्तर आवळल्यासारखे वाटते. कच्ची सुपारी, हिरडा किंवा कच्चे केळे खाल्ल्यावर हाच अनुभव येतो. तरुण बॉर्दो मद्याचा तुरटपणा हिरड्यांना खरखरीत लागतो, तर परिपक्व मद्याचा मखमलीसारखा मऊ वाटतो.

पेनो यांनी तांबड्या मद्याचा समतोल एका साध्या नियमाने मांडला : गोडपणाची बाजू ही आंबटपणा आणि तुरट-कडवटपणा या दोहोंच्या बेरजेस तोलून धरणारी असावी. बॉर्दोच्या तांबड्या मद्यात साखर जवळजवळ नसते. त्यातील गोडसर भास बहुतांशी अल्कोहॉलापासून येतो. या नियमावरून असे दिसते, की टॅनीन भरपूर असल्यास आंबटपणा कमी असावा लागतो व टॅनीन घटल्यावर मद्य थोडा अधिक आंबटपणा सहन करू शकते. अतिवृद्ध मद्यात मात्र फळ व टॅनीन दोन्ही गेल्याने आंबटपणा उघडा पडतो आणि घोटाचा शेवट धारदार व पोकळ लागतो. घोट थुंकल्यानंतर गंध किती वेळ टिकतो हेही मोजतात. यासाठी फ्रेंच परीक्षक ‘कोदाली’ हे एकक वापरतात. एक कोदाली म्हणजे एक सेकंद. केवळ आंबट किंवा तुरट संवेदना टिकणे हे गंध टिकण्याहून वेगळे असून नवशिका परीक्षक या दोहोंत गल्लत करण्याचा संभव असतो.

जुने मद्य पेल्यातही वेगाने बदलते. म्हणून ओतल्याबरोबर, दहा मिनिटांनी व अर्ध्या तासाने अशा निदान तीन नोंदी कराव्यात. काही मद्ये या अवधीत खुलतात, तर काहींचा गंध पहिल्या काही मिनिटांतच विरतो.

दोष : वार्धक्य व दोष यांत फरक करणे आवश्यक आहे. (१) बुचाचा दोष : ओलसर पुठ्ठ्यासारखा किंवा बुरशीचा वास येतो. त्यास कारणीभूत असलेले ट्रायक्लोरोॲनिसोल हे द्रव्य १९८१ मध्ये ओळखण्यात आले. एका लिटरमध्ये त्याचे काही नॅनोग्रॅमही नाकास जाणवतात. हा वास हवेने जात नाही. (२) ॲसिटिक अम्ल व एथिल ॲसिटेट यांचे आधिक्य : शिरका किंवा नखांच्या रंगासारखा वास येतो. जुन्या मद्यात याचा किंचित अंश स्वाभाविक मानतात. (३) ऑक्सिडीभवन : रंग तपकिरी होऊन ठेचलेल्या सफरचंदासारखा वास येतो. (४) ब्रेट्टानोमायसीस यीस्टची वाढ : तबेल्यासारखा किंवा घामट चामड्यासारखा वास येतो. मेदॉकच्या अनेक जुन्या मद्यांतील हा वास पूर्वी तेथील जमिनीचे वैशिष्ट्य समजला जाई. तो एथिल फिनॉलांमुळे येतो व ती हे यीस्ट निर्माण करते, हे बॉर्दो येथे पास्कल शातोने व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये दाखविले. तरीही अल्प प्रमाणातील हा वास गुण मानावा की दोष, याबाबत परीक्षकांत एकमत नाही.

परीक्षणाची विश्वसनीयता : परीक्षकाच्या ज्ञानेंद्रियांवर त्याच्या अपेक्षांचा फार मोठा प्रभाव पडतो. बॉर्दो येथील मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेल्या व २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पांढऱ्या मद्यात गंधहीन तांबडा रंग मिसळून दिला असता, विद्यार्थ्यांनी त्याच्या गंधाचे वर्णन तांबड्या मद्यांसाठी योजल्या जाणाऱ्या शब्दांत केले. जुन्या व महाग बाटलीवरील नावाचा परिणाम याच जातीचा असतो. म्हणून गंभीर परीक्षणात बाटल्या झाकून केवळ क्रमांक देतात. एकाच मळ्याची निरनिराळ्या वर्षांची मद्ये किंवा एकाच वर्षाची निरनिराळ्या मळ्यांची मद्ये शेजारी शेजारी ठेवल्यास तुलना अर्थपूर्ण होते.

झाकलेल्या परीक्षणाने रूढ समजुतींनाही धक्के दिले आहेत. २४ मे १९७६ रोजी पॅरिस येथे स्टीव्हन स्परिअर यांनी योजिलेल्या परीक्षणात फ्रेंच परीक्षकांनी बॉर्दोच्या नामांकित तांबड्या मद्यांहून कॅलिफोर्नियातील स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सच्या १९७३ च्या मद्यास वरचे स्थान दिले. बॉर्दो मद्ये मुरण्यास अधिक काळ लागतो, असा आक्षेप त्यावर घेण्यात आला. त्याच मद्यांचे तीस वर्षांनी, २००६ मध्ये, लंडन व नापा येथे पुन्हा परीक्षण झाले, तेव्हा कॅलिफोर्नियाच्या रिज माँटे बेलो (१९७१) या मद्यास पहिला क्रमांक मिळाला. उत्तम रीतीने जुने होण्याची क्षमता एका प्रदेशाची मक्तेदारी नाही, एवढा निष्कर्ष यावरून काढता येतो.

अस्सलपणाची तपासणी : विख्यात मळ्यांच्या जुन्या बाटल्यांना लिलावात मोठ्या किंमती येत असल्याने बनावट बाटल्यांचा व्यापारही वाढला. रूडी कुर्निआवान या व्यापाऱ्यास न्यूयॉर्क येथील संघीय न्यायालयात २०१३ मध्ये या गुन्ह्याबद्दल दोषी ठरविण्यात आले व २०१४ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. अनेक अनुभवी ग्राहक दीर्घकाळ फसले, याचे एक कारण असे, की अतिशय जुन्या मद्याची मूळ चव प्रत्यक्ष अनुभवलेली माणसे फारच थोडी असतात. अशा वेळी भौतिकीची मदत होते. वातावरणातील अण्वस्त्रचाचण्यांमुळे सीझियम–१३७ हे किरणोत्सर्गी द्रव्य द्राक्षांत व पर्यायाने मद्यात आले. त्याचे गॅमा किरण बाटली न उघडता मोजण्याची पद्धत बॉर्दो येथील भौतिकीविज्ञ फिलिप युबेर यांनी विकसित केली. अण्वस्त्रयुगापूर्वीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या मद्यात हे द्रव्य सापडल्यास त्यावरील वर्ष खोटे ठरते. सीझियम आढळले नाही, तरी मळ्याचे नाव व मद्याची प्रत यांविषयी काहीच सिद्ध होत नाही. तो निर्णय नाक व जिव्हा यांनाच करावा लागतो.

निर्णय : परीक्षणाच्या शेवटी मद्य वाढत्या, पूर्ण किंवा उतरत्या अवस्थेत आहे, याचा निवाडा केला जातो. टॅनीन ठळक असून फळही भरपूर असल्यास मद्य वाढत्या अवस्थेत असते. फळाचा अंश, परिपक्व गंध व मृदू तुरटपणा एकत्र नांदत असल्यास ते पूर्णावस्थेत समजतात. आंबटपणा एकटा उरू लागला व पेल्यातील गंध लवकर विरू लागला, की उतार सुरू झाला असे मानतात. पूर्णावस्था हा एक क्षण नसून चांगल्या मद्यात ती दहा-वीस वर्षेही टिकते. एकाच प्रकारच्या बारा बाटल्या असतील, तर दर दोन-तीन वर्षांनी एक उघडून तिची नोंद ठेवावी, हा जुन्या संग्राहकांचा परिपाठ आहे. बाटलीगणिक बुचाचा फरक असल्याने एका बाटलीवरून केलेला निवाडा इतरांना काटेकोरपणे लागू पडत नाही. तथापि नोंदींच्या मालिकेवरून मद्याची दिशा कळते. एकच बाटली असल्यास ती थोडी लवकर उघडणे श्रेयस्कर होय. कारण काहीशा अपक्व मद्यातही त्याचे गुण ओळखता येतात, जीर्ण झालेल्या मद्यात मात्र ते उरलेले नसतात.